दाराला सांगून

माझ्या ओटीवर भरणाऱ्या बालवाडीला सासूबाई कोंडवाडा म्हणायच्या. गावातली मोकाट गुरं धरून आणून ठेवतात, तो कोंडवाडा. "तुझी गुरं आली गं," असं त्या सकाळी माजघरातून सांगायच्या आणि मी पदर खोचून बाहेर पळायची. राग मला यायचाच. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं, सासरीही ते कळायला फार दिवस लागले नाहीत. पण गुरं म्हणता म्हणता सासूबाई त्याच गुरांसाठी पिण्याच्या पाण्याची कळशी भरून ठेवायच्या, वर फडकं बांधायच्या. मग भांडायचं कोणाशी?

स्वातंत्र्य नुकतं अंगवळणी पडत होतं, तेव्हाची ही गोष्ट. लग्नाआधी मी लहान मुलांना शिकवण्याचं वर्षभराचं शिक्षण घेतलं होतं. रंगीत मणी, वाळूतली अक्षरं, बडबडगीतं असं सगळं डोक्यात भरून मी पनवेलला आले. यजमान मामलेदार कचेरीत कारकून. गाव मुंबई-पुणे रस्त्यावरचं. भाताच्या गिरण्या, बैलगाडीची चाकं करणारे सुतार, खाडीवरचं बंदर, रस्त्यावर येणाऱ्याजाणाऱ्या मोटारी. रेल्वे अजून यायची होती. सहा वर्षांचं मूल शाळेत जाई. त्याच्याआधीचं मूल कोणाच्याच खिजगणतीत नव्हतं. ते आईच्या पायात पायात करी, नाहीतर चिखलात बसे.

किंवा खांबाला बांधलेलं असे. मासळीबाजारात मी पहिल्यांदा गेले तेव्हा कोळणींच्या रांगेत एका खांबाला चारेक वर्षांची एक मुलगी बांधलेली पाहिली. कमरेला जुन्या जाळ्याची दोरी, दुसरं टोक खांबाला. ती रडत नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय बघत बसली होती. मी तिच्या आईला काहीतरी टोचून बोलले. कोळीण सुरी थांबवून म्हणाली, "ताई, रस्त्यावर मोटार हाय, मागं खाडी हाय. सोडली नी गेली, तर तुमी आनून देनार हाव का?"

या प्रश्नाला माझ्या वर्षभराच्या शिक्षणात उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला ओटीवर आणून बसवलं, शेजारपाजारची आणखी काही गोळा केली, आणि बालवाडी सुरू झाली. मुलगी बोलत नसे. ऐकू येई, समजे, हाक मारली की वळे, पण तोंडातून शब्द नाही. मी तिला मणी ओवायला द्यायची. ती ओवायची, उसवायची, पुन्हा ओवायची. दुपारी आई न्यायला आली की ती माझ्याकडे एकदा बघायची आणि निघायची. त्या बघण्यावर मी दुसऱ्या दिवसापर्यंत जगत होते म्हटलं तरी चालेल. माझं स्वतःचं मूल अजून व्हायचं होतं.

मग पावसाळा सरता सरता सासूबाईंनी सांगितलं की दिवाळीनंतर नणंद बाळंतपणाला येणार, ओटी मोकळी लागेल. "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं नको व्हायला," त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बाळंतिणीला खोली द्यायची म्हणजे घरातली बाकी माणसं ओटीवरच निजणार. पण बालवाडी मोडली की ती मुलगी पुन्हा त्या खांबाला जाणार, हे माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

यजमानांनी ओळख काढून मला नगरपालिकेच्या एका सभासदांकडे नेलं. भले गृहस्थ. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, तुमचं पटतं. पण एकट्या बाईचं म्हणणं सभेत टिकत नाही. गावातल्या संस्था पाठीशी उभ्या करा. चार मंडळांनी म्हटलं की आमच्या गावाला लहान मुलांची शाळा हवी, तर मला बोलायला तोंड राहील."

झालं, मी संस्था शोधत निघाले.

प्रथम अर्थातच गावातल्या शिकलेल्या बायकांच्या मंडळाकडे गेले. तिथे माझं भाषण झालं. मी जीव ओतून बोलले. मुलाची पहिली पाच वर्षं कशी असतात, हाताला काम मिळालं की मन कसं उमलतं, सगळं. टाळ्या झाल्या. पाठिंब्याचा ठराव एकमताने झाला. कोपऱ्यातल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "एवढ्याशा पोरांना कसलं शिक्षण? खाल्लं, खेळली, झालं." मी जागेचं विचारलं तर खोली शिवणवर्गाला लागत होती. फराळाचं देऊन त्यांनी मला निरोप दिला. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. चिवडा तेवढा खरा होता.

वाचनालयवाल्यांना शांततेची काळजी. तालमीतल्या वस्तादांना मुलं आवडायची, पण आखाड्यात मुलं बसवणार कुठे? त्यांनी पाटीभर लाल माती दिली, खेळायला. मी तीही घेतली. कोणी काही देत असेल तर नाही म्हणायचं नाही, हे मी तोवर शिकले होते.

भजनी मंडळाकडे मी गेले ती आशा सोडूनच. मारुतीच्या देवळाला लागून त्यांची खोली होती. मंडळाचे बुवा भाताच्या गिरणीचे मालक, अंगानं धिप्पाड, कपाळभर गंध, आणि बोलणं असं की समोरच्यानं आपोआप मागे सरावं. त्यांनी माझं अर्धंच ऐकलं. "माझा नातू घरात सगळ्यांना चावतो," ते म्हणाले. "त्याला घ्याल?" मी म्हटलं, घेईन. "मग सोमवार-मंगळवार सकाळी खोली तुमची. टाळांना हात लावू देऊ नका." एवढं बोलून ते उठलेच.

जमातीचे कारभारी लाकडाच्या वखारीचे मालक होते, कोकणी मुसलमान, सौम्य माणूस. ते म्हणाले, "बाई, मुलं म्हणजे अल्लाची अमानत. जमातखाना शनिवारी खाली असतो, खुशाल बसवा. कुठे निकाह असला तर आधी खबर देईन." तिथे लग्नाच्या जेवणाच्या देगा उपड्या ठेवलेल्या असत, एवढ्या मोठ्या की आत मूल मावे. पुढे बुवांचा नातू एकदा तिथे तासभर सापडला नाही, तो देगेखाली झोपला होता.

उरलेल्या दिवसांचा प्रश्न नर्सबाईंनी सोडवला. या बाई इस्राएल समाजाच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू. गावात त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता, कारण सूतिकागृहात त्यांनी वर्षानुवर्षं नोकरी केली होती आणि माझ्या बालवाडीतली बहुतेक मुलं त्यांच्याच हातांवर जन्मली होती. आता त्या निवृत्त होत्या. नऊवारी नेसायच्या, मराठी आमच्यापेक्षा नेटकं बोलायच्या. त्यांच्या समाजाच्या स्त्रीमंडळाच्या त्या अध्यक्ष. मंडळ म्हणजे त्यांच्या पुढच्या खोलीत जमणाऱ्या मोजक्या बायका, कारण बरीच घरं बोटीनं इस्राएलला निघून गेली होती. "आमची संस्था आता एवढीच उरली," त्या म्हणाल्या. "पण खोली मोठी आहे. शनिवार आमचा शब्बाथ, विसाव्याचा वार, तेवढा सोडा. बाकी हवे ते दिवस घ्या."

अशी आमची बालवाडी फिरती झाली. सोमवार-मंगळवार मारुतीपाशी, मग तीन दिवस नर्सबाईंकडे, शनिवारी जमातखान्यात. मुलांना रस्त्यानं नेताना मोटारींची भीती. मी कोळणीला म्हटलं, एखादी लांब दोरी आहे का, मुलं धरून चालतील. तिनं पाटीखालून दोरी काढून दिली. तीच, खांबाची. तिला थोड्या थोड्या अंतरावर मी गाठी मारल्या, एकेका गाठीला एकेक मूल. पुढची गाठ त्या मुलीची. ती कोणाला घेऊ देत नसे.

मला ती वरात आठवते तेव्हा अजून बरं वाटतं. दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघायचे. सुतार चाकावरचा हात थांबवायचे. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणायच्या, "निघाली गुरं चरायला," आणि कोणाची चड्डी सुटली असेल तर नाडी बांधून द्यायच्या.

मुलांना सगळ्यांत आवडायचं नर्सबाईंचं घर. तिथे तान्ही बाळं तोलायचा जुना तराजू होता, त्यात प्रत्येकाला बसून बघायचं असे. त्यांच्याकडे मलिदा, म्हणजे त्यांचा नवसाचा विधी, झाला की मुलांच्या हातावर गूळ-खोबऱ्याचे गोड पोहे पडत. आणि दार होतं. दाराच्या उजव्या चौकटीवर, मोठ्या माणसाच्या खांद्याशी, एक बोटभर लांबीची पितळी नळी तिरकी ठोकलेली होती. नर्सबाई आत येता-जाता तिला बोटं लावायच्या आणि ती बोटं ओठांना टेकवायच्या. मुलांनी पहिल्याच दिवशी विचारलं, हे काय? नळीत देवाचं वचन लिहून ठेवलंय, हे त्यांनी मला सांगितलं. मुलांना सांगितलं ते वेगळं. "दाराला सांगून आत जायचं, सांगून बाहेर पडायचं. म्हणजे घराला कळतं कोण आलं, कोण गेलं."

झालं. मुलांना तेवढं पुरलं. ज्याचा हात जिथवर पोचेल तिथवर चौकटीला लावायचा, बोटं ओठांना टेकवायची आणि आत यायचं. ती मुलगी तर हट्टानं पितळेपर्यंत हात पोचवायची. नर्सबाई तिला कमरेला धरून उचलायच्या. एकीला उचललं की सगळ्यांना उचलावं लागे, आणि त्या वयात बाई रोज इतकी मुलं उचलायच्या, कमरेत उसण भरली तरी.

मुलं शिकलेली गोष्ट शाळेत ठेवून येत नाहीत, हे मला समजायला हवं होतं. महिन्याभरात गावभर मुलं चौकटींना हात लावू लागली. स्वयंपाकघरात जाताना, दुकानात शिरताना, मोरीत जातानासुद्धा. कोणी हसलं, कोणी चापट मारली. आणि एका सोमवारी बुवांच्या नातवानं मारुतीच्या गाभाऱ्याच्या चौकटीला हात लावून बोटांचा मुका घेतला. बुवा समोर उभे होते.

त्यांनी माझ्याशी भांडण केलं नाही. भांडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "रविवारी सकाळी मंडळ बसेल. तुम्ही या. तोवर खोली बंद." आणि पालिकेच्या सभेत भजनी मंडळाच्या वतीनं तेच उभे राहणार होते. गावात त्यांचा शब्द मोठा. ते मागे हटले की बाकीचे आपोआप हटणार, आणि दिवाळी तर दारात आलेली.

नर्सबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी ती नळी काढून ठेवू का? मुलं असतील तेवढा वेळ." मी त्यांच्यावरच ओरडले. ओरडता ओरडता मला रडू आलं. त्यांनी मला तराजूशेजारच्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, बाळंतिणीच्या फिरवतात तसा.

रविवारी मी गेले. मंडळाचे दहा-बारा पुरुष सतरंजीवर बसले होते. मी दाराशी बसले. थोड्या वेळानं बघते तर सासूबाई येऊन माझ्या शेजारी बसल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांच्यामागून कोळीण आली, मुलीला कडेवर घेऊन, आणि बाहेर पायरीवर टेकली.

बुवा म्हणाले, "आमचा कोणावर राग नाही. नर्सबाईंनी आमच्या घरातली बाळंतपणं केली आहेत. पण पोरांना शिकवायचं ते काय? ज्याचा त्याचा आचार ज्याच्या त्याच्या घरी. आज हे, उद्या जमातखान्यातलं काही. आम्ही खोली मणी ओवायला दिली."

माझ्या तोंडात चांगलं तिखट उत्तर आलं होतं. सासूबाईंनी माझं मनगट दाबलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. मग त्याच बोलल्या.

"बुवा, तुम्ही आत आलात तेव्हा काय केलंत? वाकून उंबऱ्याला हात लावलात नि कपाळाला लावलात. मी बघत होते. पोर वाकण्याऐवजी टाचा उंच करतं, एवढाच फरक. आमच्या ओटीवर होती तेव्हा हीच पोरं धाडधाड आत शिरायची, देव्हारा बघायची नाहीत की चूल. आता दाराशी थांबतात. मला तर बाई बरं वाटतं."

 तेवढ्यात पायरीवरून कोळीण म्हणाली, "मी बोलू का, बुवा? आमी बी खाडीत जाताना व्हरीत चढलो का व्हरीला हात लावतो. ती आमची आय. ही माजी पोर ज्या खांबाला बांदलेली असायची, त्याच्याकडं बघत नव्हती. बाजारात आली का त्याला पाठ करून बसायची. परवा गेली, खांबाला हात लावला नी बोटां ओठाला लावली. मंग बसली माज्या बाजूला, सुटी. पलाली नाय." ती जरा थांबली. "मना नाय ठावं ह्यो कोनाचा धरम. पन माजी पोर आता बांदावी लागत नाय."

 बुवांनी नातवाला हाक मारली. तो देवळाच्या अंगणात खेळत होता. धावत आला, दाराशी थांबला, चौकटीला हात लावला, बोटं ओठांना टेकवली आणि आत आला. आजोबांच्या मांडीवर बसला.

"का रे करतोस असं?"

"सांगून आत यायचं असतं," नातू म्हणाला. "तुम्ही सांगितलं?"

एक-दोघं हसले. बुवा हसले नाहीत. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "आता चावत नाही तो. हे मी आधी सांगायला हवं होतं." मग मंडळींकडे वळून, "खोली उघडा उद्या."

पालिकेच्या सभेला तिघंही गेले. बुवा, वखारवाले कारभारी आणि नर्सबाई. बायकांच्या मंडळानं ठरावाची प्रत पाठवली. मी तीही घेतली. मी स्वतः सभेत गेले नाही, कारण मी गेले असते तर कोणाला तरी काहीतरी बोलले असते. यजमानांनी येऊन सांगितलं की बुवा उभे राहिले आणि म्हणाले, "लहान मुलांची शाळा गावाची जबाबदारी आहे," आणि ते असं म्हणाले की जणू ही गोष्ट त्यांनाच प्रथम सुचली होती. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट, त्या रात्री मी पोटभर जेवले.

नणंदेला मुलगा झाला. पालिकेनं बालवाडी मान्य केली, पण स्वतंत्र जागा मिळेपर्यंत आमची दोरी आणखी काही वर्षं गावातून फिरत राहिली. ती मुलगी हळूहळू बोलू लागली. पहिला शब्द कोणता ते मला सांगता येत नाही, कारण तो तिनं मला नाही, तराजूला सांगितला होता. बोलायची ती मोजकं, गरजेपुरतं, आईसारखं. शाळेत जाण्याच्या वयाची झाली तरी सकाळी आधी बालवाडीत येऊन धाकट्यांना गाठीशी उभं करायची आणि मग शाळेत पळायची.

मग नर्सबाईंच्या मुलाचं पत्र आलं. तो आधीच तिकडे गेला होता, आता आईला बोलावत होता. त्यांनी मला बोलावून घेतलं, मलिद्याचे पोहे पुढे ठेवले आणि म्हणाल्या, "घर पालिकेला भाड्यानं देते. बालवाडीसाठीच, दुसऱ्या कशाला नाही, असं सांगून ठेवलंय. आता तुमची गुरं एका जागी राहू देत." सासूबाईंचा शब्द त्यांच्यापर्यंत पोचला होता. मी पोहे खाल्ले नाहीत. इतकी वर्षं ज्याच्यासाठी गावभर हिंडले ते छप्पर मिळत होतं, आणि मला ते नको होतं. मी तसं बोललेही. त्या म्हणाल्या, "मलाही जायचं नाही. पण मुलगा आहे ना."

जाण्याच्या सकाळी सगळी गल्ली जमली. बुवा आले, वखारवाले आले. सासूबाईंनी वाटेसाठी लाडू बांधून दिले. मुलं दोरीला धरून ओळीनं उभी. सामान मोटारीवर चढलं. नर्सबाईंनी नळी आदल्या संध्याकाळीच काढून रुमालात बांधून घेतली होती. चौकटीवर तेवढी बोटभर जागा फिकी दिसत होती, दोन खिळ्यांची भोकं आणि भोवती आमच्या मुलांच्या हातांनी काळवंडलेलं लाकूड. त्या बाहेर आल्या. डोळ्यांना पदर लावला होता, कोणाकडे बघत नव्हत्या. तशाच पायऱ्या उतरू लागल्या.

ती मुलगी ओळीतून पुढे आली आणि तिनं त्यांचा पदर धरला.

"नर्सबाय," ती म्हणाली, "सांगून जा."

नर्सबाई थांबल्या. "आता तिथं काही नाही गं, पोरी. मी काढलंय."

"नसू दे. सांगून जा. नायतर घराला कसं कलंल?"

नर्सबाई परत वर आल्या. त्या फिक्या जागेवर त्यांनी बोटं ठेवली आणि बराच वेळ काढली नाहीत. मग ओठांना लावली. मग खाली वाकून त्यांनी त्या मुलीला कमरेला धरलं. ती आता चांगली मोठी झाली होती, त्यांना उचलेना, तर मी दुसऱ्या बाजूनं हात दिला. दोघींनी मिळून तिला वर धरलं आणि तिनं त्याच जागी हात लावला.

मोटार गेल्यावर मी मुलांना आत घेतलं. ती सगळी दाराशी थांबून, टाचा उंच करून, एकेक करून आत आली. शेवटी मी राहिले. इतक्या वर्षांत मी कधी केलं नव्हतं. मला त्याची लाज वाटायची, मी मोठी बाई. मी चौकटीला हात लावला. लाकूड अजून गरम होतं.